शिकणाऱ्याच्या हातचे माप



पत्रिकेत आजचा विषय वाचून तुमच्यापैकी काहींना नवल वाटले असेल. ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्याने आपली उद्दिष्टे कशी ठरवावीत आणि आपली प्रगती कशी पाहावी, ह्यावर बोलायला एखाद्या प्राध्यापकाला बोलवायचे सोडून छापखाना कामगारांच्या युनियनचा माणूस कशाला? माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे झाले ते खिळ्यांच्या केसपुढे उभे राहून आणि प्रुफे वाचून. परंतु गेली तीस वर्षे ज्या लोकांत मी वावरलो, त्यांचा प्रश्न नेमका हाच होता : मला काय येते, आणि जे येते ते उद्या उपयोगी पडेल काय? ज्या माणसाला ह्या प्रश्नाचे उत्तर स्वतःला देता येत नाही, त्याचे उत्तर दुसरा कोणीतरी देतो. आणि तो दुसरा बहुधा मालक असतो. म्हणून हा विषय मी आपलाच मानतो.

ग्राफिक डिझाइन हे नाव नवे, काम जुने. अक्षरे आणि चित्रे अशी मांडावयाची की, वाचणाऱ्याला सांगायचे ते पहिल्या नजरेत कळावे. औषधाचे वेष्टन असो, एस. टी. चे वेळापत्रक असो की संपाचे पत्रक असो, काम तेच. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले, तेव्हा त्यांच्यापुढे ना अभ्यासक्रम होता ना परीक्षक. लाकडी यंत्र आणि शाई त्यांनी स्वतःच्या प्रयोगांनी सिद्ध केली. पंचांगाची मांडणी सोपी समजू नका. तिथी, वार, नक्षत्र यांचे रकाने एकमेकांना चिकटलेले; एक आकडा सरकला की कोणाची तरी एकादशी सरकली! म्हणजे परीक्षक नव्हता असे मी म्हटले ते खरे नव्हे. घरोघरचा पंचांग वाचणारा हाच परीक्षक होता.

त्यानंतर जावजी दादाजी. लहान वयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात तुटपुंज्या पगारावर लागलेला हा मुलगा. १८६४ साली त्यांनी टाईप पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या ठशांवरून तेथे टाईप पाडले गेले, आणि निर्णयसागरच्या वळणाची देवनागरी देशभर नावाजली. आम्हा कामगारांनाही ह्या कलेचे ऋण आहे. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या हाती 'दीनबंधु' पत्र नसते, तर १८९० साली गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळवून देणारी चळवळ चाळीचाळींत पोचली असती काय?

आता माझ्या काळाचे सांगतो. मी १९८५ साली छापखान्यात शिरलो. कंपोझिटर त्या वेळी केसकडे न पाहता खिळा उचलीत. उलटी अक्षरे सुलटी असल्यासारखी वाचीत. पुढच्या दहा वर्षांत संगणक आला, केसेस भंगारात गेल्या. त्या वेळी मी दोन प्रकारची माणसे पाहिली. एक म्हणत, केस गेली, मी संपलो. दुसरे चाळिशी उलटल्यावर कीबोर्डापुढे बसले आणि काही महिन्यांत पाने लावू लागले. दुसऱ्याला बुद्धी अधिक होती असे नाही. त्याला एवढेच ठाऊक होते की, आपल्याजवळ दोन विद्या आहेत : एक बोटांची आणि एक डोळ्यांची. ओळ कोठे तोडावी, दोन शब्दांत जागा किती ठेवावी, मथळ्यातला कोणता शब्द मोठा करावा, ही डोळ्यांची विद्या. केस गेली तेव्हा बोटांची विद्या गेली, डोळ्यांची राहिली. पहिल्याजवळही ती होती. पण मालकाने त्याला जन्मभर बोटांचा पगार दिला, डोळ्यांचा कधी दिला नाही. म्हणून आपल्याला डोळे आहेत हेच तो विसरला होता.

हे सारे मला आठवले ते एका विद्यार्थिनीची वही पाहून. उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला असलेली ही मुलगी अभ्यासाचा भाग म्हणून दोन महिने आमच्या युनियनच्या कचेरीत येत होती. वहीच्या पहिल्या पानावर तिने वर्षाची उद्दिष्टे लिहिली होती : अमुक तीन प्रोग्रॅम शिकणे, पन्नास बोधचिन्हे करणे, दिवाळीपर्यंत कामांचे संग्रहपुस्तक तयार करणे, चांगल्या कंपनीत इंटर्नशिप मिळविणे. पहिल्या दोन प्रोग्रॅमांपुढे बरोबरच्या खुणा होत्या. मी विचारले, "ही खूण कशावरून केलीस?" ती प्रामाणिकपणे म्हणाली, "काका, त्यातली सगळी बटणे मला ठाऊक झाली, म्हणून." मुलगी कष्टाळू होती, हुशार होती. परंतु तिच्या यादीत बोटांची विद्या तेवढी होती. वाचणारा माणूस त्या यादीत कोठेच नव्हता.

आमच्याकडे तिला काम मिळाले ते अगदी साधे. एका गोदामातल्या मालाच्या लिफ्टवर लावण्याची पाटी : 'कमाल भार ५०० किलो'. तिने मोठी सुबक पाटी केली. अक्षर बारीक रेघेचे, करड्या रंगाचे, आणि 'भ'ची गाठ इतकी नाजूक की दहा फुटांवर ती शिरोरेघेला मिळून जाई. आमच्या एका जुन्या मशीनमनने चष्मा पुसला आणि वाचले, "कमाल मार ५०० किलो!" सगळे हसले, तीही हसली. मग तो म्हणाला, "पोरी, इथे दिवा मंद असतो, आणि लिफ्टजवळ येणाऱ्याच्या डोक्यावर पोते असते." एका वाक्यात त्याने तिला तिचा वाचक दाखविला.

दुसऱ्या दिवशी तिने पाटी भिंतीवर लावली आणि एकेक पाऊल मागे सरकत पाहिली. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांच्यात केवढीशी फट असते, आणि ती बुजली की अर्थाचा कसा अनर्थ होतो, हे तिने मोजून पाहिले. पुढे दोन ओळींची सूचना आली, तेव्हा वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकली. इंग्रजी मजकुराला पुरते ते ओळींमधले अंतर मराठीला पुरत नाही, कारण आपली अक्षरे शिरोरेघेला टांगलेली असतात आणि त्यांची चिन्हे वरही जातात, खालीही उतरतात. तिसऱ्या आठवड्यात आमच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत तिच्या निवडलेल्या वळणात 'आचाऱ्यांना' हा शब्द 'आचार्यांना' असा उमटला. स्वयंपाक्याचे मानधन गुरुजींना जायची वेळ आली! त्या 'र'चे निराळे रूप ज्या वळणात आहे, असे वळण तिने शोधून काढले.

ह्यानंतर तिने पहिले पान पुन्हा लिहिले. 'प्रोग्रॅम शिकणे' खोडले आणि लिहिले : 'मंद उजेडात, पंधरा फुटांवरून, चष्मा लावणाऱ्या माणसाला पाटी वाचता आली पाहिजे.' 'पन्नास बोधचिन्हे' खोडले आणि लिहिले : 'एकच पत्रक पाच वेळा करणे, आणि दर वेळी काय बदलले व का, ते तारखेसह लिहून ठेवणे.' बंधुभगिनींनो, उद्दिष्ट म्हणतात ते हे. त्याची परीक्षा कोणालाही घेता येते, आणि ती शिकणाऱ्याला स्वतःला घेता येते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. प्रगतीचे माप कोणाच्या हाती असावे? आपल्या देशात १९६१ सालचा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. त्याचे १९ वे कलम सांगते की, उमेदवाराच्या शिक्षणाच्या प्रगतीची नोंद मालकाने ठेवावी. १८ वे कलम सांगते की, उमेदवार हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. म्हणून कामगार कायदे त्याला लागू नाहीत. दोन कलमे शेजारी ठेवून वाचा. ज्याच्या कामाचा लाभ मालकाला व्हायचा, त्याची प्रगती ठरविणारा तोच मालक. आणि कित्येक इंटर्नशिपा तर ह्या कायद्याच्याही बाहेर चालतात. ह्याच मुलीच्या वर्गातल्या एका मुलाने एका कंपनीत सहा महिने फुकट काम केले. काम काय, तर वस्तूंच्या फोटोंमागची पार्श्वभूमी कापून काढणे, दिवसाला शंभर-शंभर. शेवटी प्रमाणपत्र मिळाले : 'प्रगती उत्कृष्ट'. कशात उत्कृष्ट? कापण्यात! पहिल्या आठवड्यात त्याला जे येत होते तेच सव्विसाव्या आठवड्यात येत होते. फक्त वेग वाढला होता. त्याच्याजवळ स्वतःची वही असती, तर तिसऱ्या आठवड्यालाच त्याला कळले असते की, आपले शिकणे थांबले आहे आणि आता चालली आहे ती बिनपगारी नोकरी. वही हे शिकणाऱ्याचे हजेरीपत्रक आहे. हजेरीपत्रकावाचून पगाराचा दावा लढविता येत नाही, हे आम्हा युनियनवाल्यांना चांगले ठाऊक आहे.

आपण म्हणाल, आता तर २०२२ पासून अशी यंत्रे सर्वांच्या हाती आली आहेत की, वाक्य लिहिले की चित्र तयार. मग ह्या वहीचा उपयोग काय? मी म्हणतो, उपयोग वाढला. बटणांची विद्या जितकी स्वस्त होईल, तितकी डोळ्यांची विद्या महाग झाली पाहिजे. पण ती आपणहून महाग होणार नाही. आपल्याजवळ ती आहे हे कामगाराने दाखवून दिले, तरच होईल. र. कृ. जोशी यांचे उदाहरण पाहा. १९३६ ते २००८ हा त्यांचा काळ. जाहिरातीच्या धंद्यात त्यांनी काम केले, सुलेखन केले, पवईच्या आय. आय. टी. त विद्यार्थ्यांना अक्षर शिकविले, आणि संगणक आला तेव्हा त्याच्यासाठी भारतीय लिप्यांची वळणे घडविली. विंडोजमध्ये देवनागरी उमटविणारे 'मंगल' हे वळण त्यांचेच. हत्यार बदलत गेले. अक्षर ओळखणारा डोळा तोच राहिला.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे थोडके आहे. आपले वाईटातले वाईट कामही तारीख घालून जपून ठेवा. पुढचे काम सुधारले की नाही, हे त्याच्याशी ताडूनच कळते. उद्दिष्टात हत्याराचे नाव लिहू नका, वाचणाऱ्याचे लिहा. शिक्षकांना दाखविण्यापूर्वी काम त्या वाचणाऱ्याला दाखवा. आणि महाविद्यालयांच्या चालकांना व सरकारला आमची मागणी अशी की, उमेदवाराच्या प्रगतीच्या नोंदीवर उमेदवाराचीही सही असावी, तिची प्रत त्याच्या हाती पडावी, आणि ज्या कामाचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेतले, त्या कामाचा मोबदला शिकणाऱ्यालाही मिळावा. शिकण्याच्या नावाखाली फुकट राबविणे ही काही गुरुदक्षिणा नव्हे.