रोज फक्त तेहतीस रुपये

स्वयंपाक आटोपला असेल, भांडी राहिली असतील तर राहू द्या जरा. आज बोलायचंय ते आपल्या लोखंडी पेटीतल्या कागदांबद्दल. साडीच्या घडीखाली ठेवलेली ती पॉलिसी, तिच्याबद्दल.

आधी आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गटाच्या मासिक बैठकीत एक विमा एजंट आला. गावातल्याच एका मावशींचा भाचा. आम्ही त्याला सतरंजीवर बसवलं, चहा दिला, आणि वीस मिनिटं बोलू दिलं. त्याने मोबाइलवर जाहिरात दाखवली. त्यात मालिकेतली आपल्या ओळखीची नटी, लेकीचं लग्न, डोळे पुसणारा बाप. मग म्हणाला, "रोज फक्त 33 रुपये बाजूला टाका. वीस वर्षांत 2 लाख 40 हजार भराल आणि 4 लाख 16 हजार घ्याल." त्याच दिवशी सात जणींनी सह्या केल्या. गटाच्या बैठकीत आलाय म्हणजे चांगलाच असणार, असं त्यांना वाटलं. तो विश्वास त्याच्यावर नव्हता, आमच्यावर होता. ते आजही खुपतं.

कंपनी खोटी नव्हती, हे आधी स्पष्ट करतो. पर्ल्ससारखं ते प्रकरण नव्हतं. पर्ल्समध्ये जमिनीच्या नावाखाली कोट्यवधी लोकांकडून पैसे गोळा झाले आणि 2014 साली सेबीला 49,100 कोटी परत करायचा आदेश काढावा लागला. आमच्या सात जणींची पॉलिसी कायदेशीर होती, पावती रीतसर होती. म्हणून तर आम्ही गाफील राहिलो.

आता हिशोब बघा. रोजचे 33 म्हणजे वर्षाचे 12 हजार. 2 लाख 40 हजारांचे 4 लाख 16 हजार ऐकलं की जवळजवळ दुप्पट वाटतं. पण पहिला हप्ता वीस वर्षं अडकतो आणि शेवटचा एकच वर्ष. नीट गणित मांडलं तर व्याज पडतं वर्षाला 5 टक्क्यांच्या आसपास. तेच 12 हजार दरवर्षी पोस्टातल्या पीपीएफमध्ये टाकले, पंधरा वर्षांनंतर खातं आणखी पाच वर्षं वाढवलं आणि 7.1 टक्के हा दर टिकला, तर 5 लाख 32 हजारांच्या आसपास होतात. दर बदलू शकतो, हे आम्ही लपवत नाही. पण पीपीएफमध्ये वर्षाला 500 रुपये भरले तरी खातं चालू राहतं. पाऊस लांबला त्या वर्षी 500 भरायची सोय असणं म्हणजे काय, हे शेती करणाऱ्या बाईला सांगायला नको.

आणि तो 4 लाख 16 हजारांचा आकडा? तो कागदावर होता, पण कागदावर दोन रकाने होते. एक 8 टक्के परतावा धरून, दुसरा 4 टक्के धरून. दुसऱ्या रकान्यात 2 लाख 90 हजार लिहिले होते. भाच्याचा अंगठा नेमका त्या रकान्यावर होता! आणि दोन्ही आकड्यांखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की याची हमी नाही.

सात जणींतल्या एका काकूंवर पाळी आली. यजमानांचं ऑपरेशन निघालं. तोवर दोन हप्ते, म्हणजे 24 हजार भरून झाले होते. पॉलिसी मोडली तेव्हा हातात आले 7,200. उरलेले कुठे गेले, असं त्यांनी आम्हाला विचारलं. आम्ही एजंटला फोन केला, तर तो ते काम सोडून पुण्याला गेला होता. पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला मोठा वाटा कमिशनला जातो हे आम्हाला तेव्हा कळलं. त्याला तरी काय बोलणार, त्याला महिन्याचं टार्गेट होतं.

त्याहून वाईट गोष्ट आमच्याच वहीत होती. काकूंवर गटाचं 30 हजारांचं कर्ज होतं, दोन रुपये शेकड्याने. महिन्याला 600 रुपये व्याज, म्हणजे वर्षाला 24 टक्के. ते व्याज गटातच राहतं हे खरं, पण भरायचं काकूंनाच. इकडे 24 टक्क्यांचं कर्ज डोक्यावर आणि तिकडे 5 टक्क्यांसाठी महिन्याला हजार रुपये बाजूला. ते हजार रुपये आधी कर्जात भरा, एवढं सांगायला बीए लागत नाही. पण आम्ही सांगितलं नाही, कारण आमच्याही डोळ्यांपुढे ती नटी होती.

विमा नको असं आमचं म्हणणं नाही. विमा हवाच. बँकेत वर्षाला 436 रुपयांत जीवनज्योतीचा 2 लाखांचा विमा मिळतो, वय 18 ते 50 असेल तर. अपघाताचा सुरक्षा विमा 20 रुपयांत, तोही 2 लाखांचा. मुदत संपल्यावर यातलं काही परत मिळत नाही, म्हणून बायका नाक मुरडतात. पण घरातला कमावता माणूस गेला तर काय, एवढ्याचीच ती सोय आहे. बचत वेगळी ठेवा.

आता मोबाइलचं. आपली मुलं रात्री पांघरुणात तोंड घालून जे बघतात, त्यात हल्ली शेअर बाजाराचे गुरुजी फार झालेत. मागे गाडी उभी आणि तोंडात फ्युचर-ऑप्शन. 2024 साली सेबीने तीन वर्षांचा हिशोब जाहीर केला. या व्यवहारात उतरलेल्या दर शंभर साध्या माणसांतली 93 तोट्यात, आणि तोटा सरासरी माणशी 2 लाख. मग गुरुजींची गाडी कुठून आली? क्लासच्या फीमधून, व्हिडिओमधून, नाहीतर तुमच्या मुलाने त्यांच्या लिंकवरून खातं उघडलं त्या दलालीतून. पैसे घेऊन शेअरचा सल्ला द्यायचा तर सेबीकडे नोंदणी लागते. मुलाला नोंदणी क्रमांक विचारायला लावा. चिडेल, चिडू द्या.

टीव्हीवर म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत शेवटचं जोखमीचं वाक्य किती भरभर म्हणतात, ऐकलंय ना? सगळं सावकाश सांगतात आणि नेमकं तेवढंच घाईत. फंड वाईट म्हणून आम्ही हे सांगत नाही. पण घाई कुठे केली तिथे कान द्यावा.

आमच्या गटाने आता ठराव केलाय. बैठकीत कोणी काही विकायला आलं, तर आधी विचारायचं, "आम्ही सही केली की तुम्हाला किती मिळणार?" आणि त्या दिवशी सही नाही. कागद घरी न्यायचा, पुढच्या बैठकीत वाचायचा. नुकतीच पॉलिसी घेतली असेल आणि पटत नसेल, तर कागद हातात पडल्यापासून 30 दिवसांत परत करता येते, थोडी वजावट होऊन पैसे मिळतात. दिवस मोजून घ्या.

उरलेल्या सहा जणींपैकी दोघींनी पॉलिसी चालू ठेवली आहे, कारण बरेच हप्ते भरून झालेत आणि आता मोडण्यात तोटा जास्त. चौघींचं अजून ठरत नाही. येत्या गुरुवारी दुपारी दोन वाजता समाजमंदिरात त्यांचे कागद घेऊन बसणार आहोत. तुमचीही पॉलिसी घेऊन या, कुठल्याही कंपनीची चालेल. कॅल्क्युलेटर आम्ही आणू, चष्मा तेवढा विसरू नका.