शाळेच्या वेबसाइटवर कोण येतं आणि कोण यायला हवं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वेळही नेमून दिली आहे आणि विषयही. ‘शाळेच्या वेबसाइटवर जास्तीत जास्त लोक कसे येतील?’ हा माझ्या रोजच्या कामातला विषय, म्हणून तो माझ्याकडे आला. स्नेहमेळाव्यात गाणी आणि गप्पा सोडून हे कोरडं प्रकरण कशाला, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. पण सकाळी मुख्याध्यापकांनी जे सांगितलं ते आठवा. आपल्या वेळी पाचवीच्या चार तुकड्या होत्या, आता दोन आहेत आणि दुसरी जेमतेम भरते. ती तुकडी गेली की संचमान्यतेत शिक्षकाचं पद जातं. पद गेलं की पुढच्या वर्षी पालक म्हणतात, तिथे शिक्षकच नाहीत. ही उतरण एकदा सुरू झाली की थांबवणं अवघड जातं.

म्हणून आपल्या समितीपुढे एक प्रस्ताव आला आहे. माजी विद्यार्थी निधीतून एका कंपनीला वर्षभराचं कंत्राट द्यायचं आणि ती आपली वेबसाइट ‘गूगलवर पहिल्या नंबरला’ आणून देणार. माझं मत स्पष्ट सांगते, हे पैसे असे खर्च करू नयेत. का करू नयेत आणि त्याऐवजी काय करता येईल, एवढंच मला आज मांडायचं आहे.

आपण दहावीच्या वर्गात होतो त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. वाईत आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. तेव्हा शाळा कशी निवडायचे? शेजारी विचारायचे, मोठ्या भावाची शाळा असायची, नाहीतर वडील म्हणतील ती. आज बदली होऊन वाईत आलेलं किंवा एमआयडीसीत नोकरीला लागलेलं कुटुंब शेजाऱ्याच्या आधी फोनला विचारतं. बावधन, ओझर्डे, पसरणीतले पालकसुद्धा तेच करतात.

आता फोन उत्तर कुठून आणतो? गूगलची यंत्रणा एका पानावरून दुसऱ्या पानावर दुव्यांच्या वाटेने फिरत राहते. सापडेल ते वाचते आणि त्याची सूची करते. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तशीच, फक्त अवाढव्य. तुम्ही शब्द टाइप केलात की ती सूची उघडते आणि कुठलं पान वर दाखवायचं हे ठरवते. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये कंपनी काढली, तेव्हा त्यांची मूळ युक्ती संशोधकांच्या जगातून घेतलेली होती. ज्या निबंधाचा उल्लेख इतर चांगले निबंध करतात, तो महत्त्वाचा. तसंच, ज्या पानाकडे इतर भरवशाची पानं बोट दाखवतात, ते पान वजनदार. आज क्रम लावताना इतर अनेक गोष्टी पाहिल्या जातात, पण पाया तोच राहिला आहे. तुमच्या पानावर वाचता येईल असा मजकूर हवा, तो विचारणाऱ्याच्या प्रश्नाला लागू पडायला हवा आणि इतरांनी तुम्हाला मानायला हवं.

या कसोट्यांवर मी आपल्या शाळेची वेबसाइट तपासली. ती ज्यांनी वेळात वेळ काढून, एक पैसाही न घेता बनवली, त्यांचे आभार मानूनच पुढचं बोलते.

पहिल्या पानावर शाळेचा सुंदर फोटो आहे. शाळेचं नाव, गाव, माध्यम, इयत्ता हे सगळं त्या फोटोवरच्या अक्षरांत आहे. माणसाला ते दिसतं. यंत्राला चित्रातली अक्षरं थोडीफार ओळखता येतात, पण त्या भरवशावर बसू नये. पानाला शीर्षक काय दिलंय? नुसतं ‘होम’. प्रवेशाची सूचना म्हणजे कागदाचा स्कॅन. काही पानं जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली आहेत. बाई, तुम्ही वर्षानुवर्षं ज्या प्रकारच्या फाँटमध्ये प्रश्नपत्रिका काढल्या, तोच हा प्रकार. आपल्याला पडद्यावर मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरांचा काला असतो. यंत्र तो काला वाचतं आणि आपलं मराठी पान मराठीत शोधणाऱ्याला सापडत नाही. तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला की हा प्रश्न संपतो. आणखी एक गोष्ट म्हणजे एकेक फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच, पाच-सहा एमबीचा चढवला आहे. गूगल पानाची मोबाइलवरची आवृत्तीच तपासते आणि पालकही मोबाइलवरच पाहतात. पान उघडायला वेळ लागला तर पालक थांबत नाहीत, पुढच्या शाळेकडे जातात.

ही सगळी दुरुस्ती दोन रविवारांची आहे. मी आणि आपल्या तुकडीतली आणखी दोघं मिळून ती करू. कंत्राट लागत नाही. नकाशावर शाळेची नोंद आपल्या ताब्यात घेऊन वेळ, फोन, फोटो भरणं हेही फुकट आहे. लोक कोणते शब्द टाइप केल्यावर आपलं पान दिसलं आणि त्यातल्या किती जणांनी ते उघडलं, हे दाखवणारं ‘सर्च कन्सोल’ गूगल फुकट देतं.

ते जोडल्यावर मला जे दिसलं ते आजच्या भाषणातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. आपल्या वेबसाइटवर येणारे जवळजवळ सगळे जण शाळेचं नाव टाइप करून आलेले आहेत. म्हणजे कोण? तुम्ही, मी, आजी-माजी पालक आणि शिक्षक. ज्यांना आपण आधीच माहीत आहोत तेच आपल्याकडे येतात. पाचवीची दुसरी तुकडी ज्यांच्यामुळे भरायची आहे, त्या पालकांना आपलं नाव माहीतच नाही. ते नाव टाइप करत नाहीत, प्रश्न टाइप करतात. ‘वाईत सेमी इंग्रजी शाळा’, ‘पाचवी प्रवेश कागदपत्रं’, ‘शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी’. काही जण हेच रोमन अक्षरांत लिहितात, काही फोनशी बोलून विचारतात. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आपल्या वेबसाइटवर नाही. जी गोष्ट आपण लिहिलेलीच नाही, ती कुठलीही कंपनी पहिल्या नंबरला आणू शकत नाही.

मग या कंपन्या करतात तरी काय? सगळ्या वाईट नसतात, चांगलं काम करणारेही आहेत. पण पहिल्या नंबरची हमी देणारा दिसला की सावध व्हा. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच सांगतं. पूर्वी पानाच्या पोटात न दिसणारे शब्द कोंबायचे. अशा शब्दयादीचा क्रम लावताना आम्ही उपयोग करत नाही, असं गूगलने २००९ मध्ये जाहीर केलं. मग इकडचं तिकडचं उचलून हजारो पोकळ पानं तयार करायची टूम निघाली. २०११ च्या बदलांनी अशी पानं खाली ढकलली. दुवे विकत घेण्याची युक्तीही होती, त्यावर २०१२ मध्ये टाच आली. प्रत्येक युक्तीचं आयुष्य थोडं असतं आणि ती उघडी पडली की नुकसान वेबसाइटवाल्याचं होतं, कंपनीचं नाही.

आणि जाहिराती? जाहिरात देण्यात गैर काही नाही. प्रवेशाच्या दिवसांत पंधरवडाभर, फक्त वाई तालुक्यापुरती द्यायची असेल तर मीही हो म्हणेन. पण जाहिरात म्हणजे पाण्याचा टँकर. पैसे दिले की येतो, बंद केले की दारात येत नाही. लिहिलेलं चांगलं पान ही विहीर आहे. खणायला वेळ लागतो, पण पाणी राहतं.

याचं उदाहरण आपल्या गावातच आहे. मराठी विश्वकोशाचं काम वाईत चालतं हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले प्रमुख संपादक, पहिला खंड १९७६ चा. आज मराठीत कुठलाही अभ्यासाचा विषय शोधा, विश्वकोशाची नोंद अनेकदा पहिल्या काही उत्तरांत दिसते. तिथे ना चकचकीत चित्रं, ना कुठली युक्ती. पण प्रत्येक विषयाला स्वतंत्र पान आहे, पानाचं शीर्षक म्हणजे तो विषयच, मजकूर युनिकोडमध्ये आहे, नोंद लिहिणाऱ्याचं नाव खाली आहे, आणि मराठीत लिहिणारे लोक आपणहून त्या नोंदींकडे बोट दाखवतात. आपण विश्वकोश काढायचा नाही. पण एका प्रश्नाला एक पान आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव, एवढं आपण नक्की घेऊ शकतो.

मग कोणती पानं लिहायची? मी यादी केली आहे. प्रवेशाला काय लागतं, केव्हा यायचं, कुणाला भेटायचं. एसटीच्या वेळा शाळेच्या वेळेशी कशा जुळतात, कारण मेणवली, धोम, भुईंजच्या आईचा पहिला प्रश्न तोच असतो. सेमी इंग्रजीत कोणते विषय इंग्रजीत असतात. शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत कशी मिळते, यासाठी तर आपल्यातले परदेशात असलेलेही पान शोधत येतील. सरांनी शिष्यवृत्तीसाठी जमवलेली गणितं वह्यांमध्ये पडून आहेत. ती उत्तरांसकट टाकली तर जिल्ह्याबाहेरचा मुलगाही येईल, आणि इतर शाळांचे शिक्षक आपल्या पानाकडे बोट दाखवतील.

पण एक प्रश्न या सगळ्यांच्या वर आहे. पालक तो टाइप करतात आणि मुख्याध्यापकांसमोर विचारायला मात्र संकोचतात. ‘मराठी माध्यमात शिकलं तर पुढे मुलाचं अडतं का?’ याचं उत्तर शिक्षकांनी दिलं तर ते जाहिरातीसारखं वाटतं. ते उत्तर आपण द्यायचं आहे, आणि ते खरं द्यायचं आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्गात काय चाललंय हे मला कळत नव्हतं. विकलन-संकलन येत होतं, पण त्याची इंग्रजी नावं येत नव्हती. मी एका वहीत डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी असं लिहीत गेले. दुसऱ्या सत्रापर्यंत वही लागेनाशी झाली. गणित पक्कं होतं ते इथल्या फळ्यावर झालेलं होतं, म्हणून भाषेचा अडसर तेवढ्यात सुटला. हे मी जसं झालं तसं लिहिणार आहे, पहिल्या सत्रातल्या कमी गुणांसकट. फक्त यशोगाथा लिहिल्या तर पालक विश्वास ठेवणार नाहीत. ज्यांना अडचण आली त्यांनीही लिहा, नर्सरी चालवणाऱ्याने लिहा, बँकेतल्या मैत्रिणीने लिहा, ज्याने शिक्षण सोडून गॅरेज काढलं त्यानेही लिहा.

आता एक नवी गोष्ट. २०२४ पासून गूगल शोधलेल्या पानांच्या वर स्वतःच तयार केलेलं उत्तर दाखवू लागलं आहे. ते वाचून काही जण पुढे कुठल्याच पानावर जात नाहीत. सगळीकडे मिळणारी माहिती आपण पुन्हा लिहिली तर ती वाचायला फारसं कुणी येणार नाही. येतील ते जे दुसरीकडे मिळत नाही त्यासाठी. सरांची गणितं, आपले अनुभव, या शाळेचं आजचं वेळापत्रक हे दुसऱ्या कुणाकडेच नाही.

दोन पथ्यं सांगते. मुलांचे फोटो आणि नावं पालकांच्या लेखी संमतीशिवाय टाकायची नाहीत. आणि आकड्यांच्या मागे धावायचं नाही. दहा हजार अनोळखी लोक येऊन गेले तरी पाचवीचा वर्ग भरत नाही. तालुक्यातल्या चाळीस पालकांनी प्रवेशाचं पान वाचून शाळेला फोन केला, तर भरतो. म्हणून जूनमध्ये ऑफिसातल्या नोंदवहीत ‘शाळेची माहिती कुठून मिळाली?’ असा एक रकाना वाढवा, अशी मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. आपलं काम झालं की नाही ते तो रकाना सांगेल.

निधीचं म्हणाल तर ते पैसे ग्रंथालयाला किंवा प्रयोगशाळेला द्यावेत आणि त्यातून काय आलं याचं एक पान करावं.

चहाच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तीत तीस प्रश्न लिहिले आहेत आणि प्रत्येकासमोर जागा कोरी आहे. ज्याला ज्या प्रश्नाचं उत्तर येतं, त्याने तिथे आपलं नाव आणि फोन लिहावा. मजकूर मराठीत, मोबाइलवर टाइप करून पाठवलात तरी चालेल. शुद्धलेखन आपल्या बाई तपासतील, असं त्यांनी आत्ताच कबूल केलं आहे, तेव्हा र्‍हस्व-दीर्घाची भीती आजही बाळगायला हरकत नाही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तीसही पानं चढलेली असली पाहिजेत.