शिडाच्या जहाजावर जायचं तर

मिरजगावच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील, कारण आज आम्ही समुद्रावरच्या शिडाच्या जहाजाबद्दल सांगणार आहोत. आपल्याकडं पाणी म्हणजे सीना, आणि तिच्यात वर्षातले किती महिने पाणी असतं ते तुम्हाला सांगायला नको.

आपल्या नौदलाकडं तरंगिणी नावाचं एक जहाज आहे. तीन डोलकाठ्या, वीस शिडं, लांबी 54 मीटर. बांधलंय गोव्यात, 1997 पासून सेवेत आहे. इंजिनाची एवढी जहाजं असताना शिडाचं कशाला? शिकायला. नव्या पोरांना वारा, लाटा आणि एकमेकांच्या भरवशावर काम करणं इथं जसं कळतं तसं इंजिनाच्या जहाजावर कळत नाही. 2003 साली कोचीहून निघून तरंगिणीनं पृथ्वीला फेरी मारली. 2015 साली बेलफास्टला जगभरातली शिडाची जहाजं जमली होती, त्यांतही ती होती. त्या वर्षीच्या शर्यतीचा रस्ता तिथून वर उत्तरेला, नॉर्वेच्या ओलेसुंड बंदराकडं जात होता.

नॉर्वेचा किनारा सरळ नाही. हिमनद्यांनी डोंगर कोरून खोल दऱ्या केल्या आणि त्यांत समुद्र शिरला. त्यांना फ्योर्ड म्हणतात. आपल्याच जिल्ह्यातल्या हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा डोळ्यांपुढं आणा, आणि कड्याच्या पायथ्याला कोकणाऐवजी समुद्र आहे असं समजा. एक फ्योर्ड तर 200 किलोमीटर आत गेलाय. उन्हाळ्यात तिथं रात्री उशिरापर्यंत उजेड असतो.

त्या देशात 1914 सालचं एक मोठं शिडाचं जहाज अजून चालतं, स्टाट्सराड लेमकुल. त्यावर कुणीही पैसे भरून जाऊ शकतं, आधीचा अनुभव लागत नाही. पण पाहुणे म्हणून बसवून ठेवत नाहीत. झोपायला टांगलेली झोळी, आणि चार तास काम, आठ तास सुट्टी, अशा पाळ्या. मध्यरात्री बारा ते चार ज्याची पाळी, त्यानं उठायचंच. रात्रीच्या लाईटला उठून ज्या दारं धरतात त्यांना यात नवल वाटणार नाही! दोर ओढायचे, सुकाणू धरायचं, कमरेला पट्टा बांधून डोलकाठीवर चढायचं. आणि गाठी शिकायच्या. जहाजावरची गाठ ताणाला टिकली पाहिजे आणि पाहिजे तेव्हा सुटलीही पाहिजे. गुरांचं दावं बांधणाऱ्या बाईला सुरगाठ आणि निरगाठ यांतला फरक कुणी शिकवायला नको.

पैसे भरून नॉर्वेला जाणं आपल्या खिशाला झेपणारं नाही, ते सोडून देऊ. आपला मुद्दा वेगळा आहे. आमच्या गटात एका सभासद बाईनं मुलीच्या नौदल भरतीच्या तयारीसाठी कर्ज मागितलं. एरवी कर्जाचा विषय दहा मिनिटांत संपतो, त्या दिवशी दोन तास चालला. पोरीला पोहता येत नाही. गडीमाणसांत बोटीवर कशी राहील? उद्या लग्न कोण करणार? हे प्रश्न आईच्या काळजीतून आलेले होते. आम्ही ते हसण्यावारी नेले नाहीत. कर्ज मंजूर झालं, पण दोघींचा विरोध इतिवृत्तात लिहून.

पोहण्याचं म्हणाल, तर ते प्रशिक्षणात शिकवतात. बाकीच्यासाठी एकच गोष्ट सांगतो. 10 सप्टेंबर 2017 ला गोव्याहून तारिणी नावाची 55 फुटांची शिडाची बोट निघाली. बोटीवर नौदलाच्या सहा बाया अधिकारी, पुरुष एकही नाही. बोट बांधली गोव्यातल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात. या सहाजणींना तयार करणारे कॅप्टन दिलीप दोंदे. शिडाच्या बोटीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. 254 दिवसांनी, 21 मे 2018 ला त्या जगाला फेरी मारून परत आल्या. त्यांच्या प्रमुख वर्तिका जोशी उत्तराखंडच्या, प्रतिभा जामवाल हिमाचलच्या, विजया देवी मणिपूरच्या. या तिन्ही राज्यांना समुद्रच नाही. मग कर्जत तालुक्याला नाही म्हणून काय अडलं?

अडतं ते दुसरीकडं, आणि हे नीट ऐका. नौदलात अधिकारी व्हायची एक वाट खडकवासल्याच्या एनडीएतून जाते. मुलींना ती आता खुली आहे. मे 2025 मध्ये पहिल्या 17 मुली तिथून बाहेर पडल्या. तिथंही शिडाच्या बोटी चालवायला शिकवतात ते धरणाच्या पाण्यावर. पण नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. म्हणजे मुलीची वाट बारावीनंतर नव्हे, दहावीच्या निकालानंतर ठरते. आपण काय करतो? सायन्सचं कॉलेज लांब, एसटीची वेळ जमत नाही, म्हणून पोरीला आर्ट्सला घालतो. आर्ट्स वाईट नाही, आम्हीही त्यातूनच शिकलो. पण हे एक दार तिथंच बंद होतं.

दुसरी वाट अग्निवीरची. तिच्यात काही पदं दहावीवरही असतात. पण नोकरी चार वर्षांची, आणि पुढं कायम होतात ती जास्तीत जास्त शंभरातली पंचवीस. हे मुलीला आधीच सांगा, नंतर फसवल्यासारखं वाटायला नको. आणि दोन्ही वाटांना अट एकच, मुलगी अविवाहित पाहिजे. सतराव्या-अठराव्या वर्षी सोयरीक जुळवली की अर्जच भरता येत नाही. लग्न कोण करणार असं विचारणाऱ्या मावशींना आम्ही एवढंच म्हटलं, चार वर्षं थांबा, मग बघू.

या महिन्याच्या बैठकीला दहावीतल्या मुलींच्या आयांनी मुलीला बरोबर घेऊन यावं. येताना नववीची गुणपत्रिका आणा. सायन्सच्या कॉलेजांच्या आणि एसटीच्या वेळा आम्ही कागदावर लिहून ठेवल्यात. ज्या गावांना गाडी जमत नाही तिथल्या चार-पाच मुली असतील, तर आगारात अर्ज द्यायचाय, त्यावर सगळ्यांच्या सह्या लागतील.