औंधच्या डोंगरावरील सेतू



कलाप्रदर्शनांमुळे संस्कृती परस्परांच्या जवळ येतात, असे म्हटले की दृष्टी मुंबईकडे किंवा परदेशाकडे वळते. परंतु असा एक सेतू शेजारच्या सातारा जिल्ह्यात, औंधच्या डोंगरावर, १९३८ पासून उभा आहे.

औंध हे अवघ्या ७२ गावांचे संस्थान. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडीही त्यातच होती. तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे यमाईचे उपासक, कीर्तनकार आणि स्वतः चित्रकार. रामकथा त्यांनी आपल्या कुंचल्याने साकारली. याच राजाने देवीच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उभारले. तेथे राजा रविवर्मा यांची चित्रे आहेत, बंगाली शैलीची आहेत आणि युरोपीय कलाकृतींच्या प्रतिकृतीही आहेत. इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे माता व बालकाचे शिल्पही तेथेच आहे.

आपल्या परंपरेत ज्याचे पाय घट्ट रोवलेले असतात, त्याला परक्याच्या सौंदर्याचे भय वाटत नाही, हा औंधचा धडा आहे. देवीच्या दर्शनाला आलेल्या शेतकऱ्याला त्या शिल्पातील आई ओळखण्यासाठी इंग्रजी यावे लागत नाही.

मात्र सेतूवरून कोणी चाललेच नाही, तर त्याचे दगडच उरतात. आष्ट्याच्या शाळांची एक तरी सहल दरवर्षी औंधला जावी. मुलांनी ती चित्रे निवांत पाहावीत आणि परतल्यावर हाती कुंचला घ्यावा. बाळासाहेबांचे खरे स्मरण तेच ठरेल.