आणखी एक डाव

“खेळ शिकायला एम.डेस. कशाला?” राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनला प्रवेश घेतला, तेव्हा बाबांनी विचारलं होतं.

तिथे कळलं, संगणकाआधी खेळ कागदावर मांडायचा, दुसऱ्याला खेळायला द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. तो अडला, तर चूक त्याची नव्हे, नियमांची!

सुट्टीत पुठ्ठ्याचा पट बाबांपुढे ठेवला. तिसऱ्याच खेळीला ते अडले. समजावून सांगावंसं वाटलं, पण जीभ आवरली. “हे काही खरं नाही,” म्हणत ते उठले.

रात्री जागून एकच नियम बदलला. सकाळी पुन्हा पट मांडला. डाव संपला, तरी बाबा उठेनात. “आणखी एक मांड,” म्हणाले.

तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.