सायकलची हौस कोणाची?

(पुणे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शेतीमालाचे भाव, कंत्राटी कामगारांचे प्रश्न, शिक्षणाचे खाजगीकरण अशा वजनदार विषयांच्या रांगेत 'हौसेने सायकल चालविणे कमी होत आहे काय' हा विषय पाहून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. हौस ही ज्याचे पोट भरले आहे त्याची गोष्ट, तिचा विचार आपण कशाला करावा, असा एक समज आपल्या चळवळीत रुजलेला आहे. तो समज चुकीचा आहे, असे मला वाटते. आणि सायकलच्या निमित्ताने तेच मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

ज्या शहरात आपण बसलो आहोत, ते एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कारखान्याची पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जात असे. कारकून, शिक्षक, विद्यार्थी, गवंडी सारे सायकलवर. आणि त्याच सायकलीवर रविवारी खडकवासल्याला जायचे, सिंहगडाच्या पायथ्याशी ती उभी करून गड चढायचा. ज्याच्या घरी सायकल नव्हती त्याच्यासाठी पेठेपेठेत तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मीही अशाच भाड्याच्या सायकलीवर, नळीखालून पाय घालून, अर्धे पायडल मारीत शिकलो. गुडघे फुटले, पण तासाचे भाडे वसूल होईपर्यंत घरी गेलो नाही. त्या दिवसांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. सांगायचे एवढेच की, कामाची सायकल वेगळी आणि हौसेची वेगळी असा भेद तेव्हा नव्हता.

आज ती हौस ओसरली आहे काय? वरवर पाहिले तर उत्तर 'नाही' असेच येते. पंढरपूरला सायकलवारी जाते. पहाटे घाटरस्त्यांवर रंगीत शिरस्त्राणे घातलेले सायकलस्वार भेटतात. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली आणि तिच्या मार्गावरील रस्ते तत्परतेने गुळगुळीत झाले. घराघरातील सायकलही नाहीशी झालेली नाही. २००१ च्या जनगणनेत देशातील ४३.७ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, २०११ मध्ये ४४.८ टक्के. याच दहा वर्षांत स्वयंचलित दुचाकी असलेल्या कुटुंबांचे प्रमाण मात्र ११.७ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर गेले.

म्हणजे सायकल आहे आणि हौसही आहे. पण दोघींची फारकत झाली आहे. पहाटे साडेपाचला ज्या रस्त्याने लाखाच्या घरातली सायकल घेऊन एखादा अधिकारी व्यायामाला निघतो, त्याच रस्त्याने बारा तासांची रात्रपाळी संपवून रखवालदार आपली काळी सायकल रेटीत घरी परततो. एकाची हौस वर्तमानपत्रात छापून येते. दुसऱ्याचे सायकल चालविणे कोणाच्या नजरेतही भरत नाही. त्या रखवालदाराला 'रविवारी सायकल घेऊन कुठे फिरायला जातोस?' असे विचारून पाहा. त्याला साप्ताहिक सुट्टीच नसते! हौसेला वाहनाइतकीच मोकळ्या वेळाची गरज असते, आणि आठ तासांच्या दिवसासाठी कामगारांनी दिलेला लढा हा त्या मोकळ्या वेळासाठीचाही लढा होता, हे आपण विसरत चाललो आहोत.

दुसरी गरज रस्त्याची. रस्ते रुंद झाले, पण ती रुंदी मोटारींच्या वाट्याला आली. कारखाने शहरापासून दूर चाकण-रांजणगावकडे गेले, वस्त्या विखुरल्या, अंतरे वाढली. देशात रस्त्यावरील अपघातांत वर्षाला साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार मरण पावतात, असे सरकारच्याच २०२२ च्या आकडेवारीत नमूद आहे. अशा स्थितीत कोणती आई आपल्या दहा वर्षांच्या मुलीला सायकल घेऊन एकटीला मुख्य रस्त्यावर जाऊ देईल? पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. पण सायकलमार्ग म्हणून रंगविलेल्या पट्ट्यांवर आज काय उभे असते, हे येथे येताना आपण पाहिलेच असेल.

येथे एक आक्षेप येईल. कामगाराला स्कूटर मिळाली ही प्रगती नव्हे काय? निश्चितच आहे. उन्हातान्हात, चढावर, मागे सिलिंडर बांधून सायकल रेटणाऱ्याला 'तू पर्यावरणाचा मित्र आहेस' असे सांगणे हा दांभिकपणा आहे. सायकल सोडण्याचा त्याचा हक्क मला मान्य आहे. परंतु ज्याला ती ठेवायची आहे, त्याला ती सुखाने ठेवता आली पाहिजे. सक्तीने चालविलेली सायकल आणि आवडीने चालविलेली सायकल यांत जो फरक आहे, तोच मजुरी आणि स्वातंत्र्य यांतील फरक आहे.

२०२० साली हा फरक साऱ्या देशाने पाहिला. टाळेबंदी सैल होताच शहरांतील सुखवस्तू लोकांनी व्यायामासाठी सायकली घेण्याकरिता दुकानांत रांगा लावल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पंधरा वर्षांच्या एका मुलीने जखमी वडिलांना मागे बसवून गुरुग्रामहून बिहारमधील दरभंग्यापर्यंत सुमारे बाराशे किलोमीटर सायकल चालविली. तिच्या हालअपेष्टांना आपण पराक्रम म्हटले आणि तिला खेळाडू म्हणून चाचणीस बोलाविले. तिला हा प्रवास का करावा लागला, हा प्रश्न त्या कौतुकात बुडून गेला. पुढे ३ जून रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला आणि सायकल बनविणारे शेकडो हात रिकामे झाले.

शासनाची दृष्टी करांतूनही दिसते. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या मोटारीवर ५ टक्के वस्तू व सेवा कर होता आणि साध्या सायकलीवर १२ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरील कर ५ टक्क्यांवर आला. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण ती होईपर्यंत सहा वर्षे गेली.

आपल्या विचारपरंपरेला हा विषय परका नाही. इंग्लंडमध्ये १८९४ साली बर्मिंगहॅमच्या काही समाजवादी तरुणांनी 'क्लॅरियन' या साप्ताहिकाच्या नावाने सायकल मंडळ काढले. सुट्टीच्या दिवशी ते खेड्यापाड्यांत जात, पत्रके वाटीत, सभा घेत आणि मनसोक्त भटकतही. जर्मनीत १८९६ मध्ये कामगार सायकलस्वारांचा 'सॉलिडॅरिटी' हा संघ स्थापन झाला. नाझींनी सत्तेवर येताच, १९३३ मध्ये, तो मोडून काढला. एकत्र फिरणारे कामगार त्यांना धोकादायक वाटले, यातच सारे आले.

आपल्याकडचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तामिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता चळवळीत हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. शेतमजूर होत्या, खाणीत दगड फोडणाऱ्या होत्या. सायकलमुळे त्यांची पायपीट वाचली, बाजार जवळ आला. पण त्यापलीकडे, कोणाला न विचारता घराबाहेर पडण्याचा आनंद त्यांना मिळाला. तो आनंद चैन होता, असे म्हणण्याचे धाडस आपल्यापैकी कोण करील?

दुसऱ्या देशांनी केले ते आपल्याला अशक्य नाही. कोलंबियाची राजधानी बोगोटा हे काही श्रीमंत शहर नव्हे. तेथे १९७४ पासून रविवारी रस्ते मोटारींना बंद ठेवण्याची प्रथा सुरू झाली. आज शंभराहून अधिक किलोमीटरचे रस्ते सकाळी सात ते दुपारी दोन लोकांच्या स्वाधीन असतात, आणि ते श्रीमंत व गरीब अशा दोन्ही वस्त्यांतून जातात.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. रविवारी सकाळी प्रत्येक प्रभागातील एक रस्ता मोटारींना बंद असावा, आणि त्याची सुरुवात कामगार वस्त्यांतून व्हावी. महापालिकेच्या प्रत्येक शाळेत तासाच्या नाममात्र भाड्याने मुलामुलींना सायकली मिळाव्यात. सायकलमार्गांवरील मोटारी हटवाव्यात. आणि रखवालदारापासून घरकामगारापर्यंत प्रत्येकाला आठवड्याची भरपगारी सुट्टी मिळावी. ही शेवटची मागणी सायकलच्या विषयात कशी आली, असे आता आपण विचारणार नाही, अशी मी आशा करतो.

पुढच्या रविवारी मी सकाळी सात वाजता माझी जुनी सायकल घेऊन जवळच्या वस्तीत जाणार आहे. तेथील मुलांना शिकायचे आहे आणि सायकली कमी आहेत. ज्यांच्या घरी एखादी धूळ खात पडली असेल, त्यांनी ती हवा भरून घेऊन यावी.