शिळेवरील नावे



इटलीत रोमहून नेपल्सकडे जाताना वाटेत कसिनो हे नगर लागते. तेथे दुसऱ्या महायुद्धातील राष्ट्रकुल सैनिकांची दफनभूमी असून तिच्यातील संगमरवरी स्तंभांवर चार हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. ही नावे, ज्यांची समाधी कोठेच ज्ञात नाही, अशा सैनिकांची आहेत. त्यांत मराठा पलटणीतील नाईक यशवंत घाडगे यांचे नाव आहे.

आजच्या रायगड जिल्ह्यातील या तरुणाने १० जुलै १९४४ रोजी, सारे साथीदार कोसळल्यावर, टायबर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने चाल केली. ठाणे जिंकून ते तेथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. इटलीतील मोन्तोने गावानेही २०२३ साली त्यांचे स्मारक उभारले.

आता आपल्या गावांकडे पाहावे. कोकणात व देशावर अनेक गावांत पहिल्या महायुद्धाच्या स्मृतिशिळा आहेत. गावातून किती माणसे युद्धावर गेली व किती कामी आली, एवढाच आकडा त्यांपैकी बहुतेकींवर आढळतो, नावे नसतात. ती शोधता येतात. जुन्या पदकांच्या कडेवर सैनिकाचे नाव कोरलेले असते. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत पुष्कळदा वडिलांचे व गावाचे नावही सापडते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह ही नावे जमवावीत आणि ग्रामपंचायतीने ती शिळेशेजारी लावावीत. परक्या भूमीने जपलेले नाव जन्मगावाने विसरू नये.